वेळ वाटून देणारा धावपटू : एरिक लिडेल

रविवारी धावण्यास नकार देणारा धावपटू म्हणून एरिक लिडेल यांचे नाव आपल्या संडे स्कूलमधील पुष्कळ मुलांना ठाऊक असते. १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये प्रभूच्या दिवसाखातर त्यांनी आपली आवडती शर्यत सोडली, ही गोष्ट शिक्षक आवडीने सांगतात व मुलेही आवडीने ऐकतात. परंतु त्याच लिडेल यांनी सुमारे वीस वर्षांनंतर, चीनमधील एका नजरकैदेच्या छावणीत, रविवारच्या दिवशी मुलांच्या हॉकीच्या खेळात स्वतः पंच म्हणून उभे राहावे, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. कदाचित ती सांगताना आपणच अडखळतो. पहिली गोष्ट बरोबर असेल, तर दुसरीचे काय करावे? वयाबरोबर त्यांचा विश्वास सैल पडला असे समजावे काय? या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी त्यांचे सबंध आयुष्यच पाहावे लागते.

मिशनरी घरातील मुलगा

एरिक हेन्री लिडेल यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधील तिएनत्सिन शहरी झाला. वडील जेम्स व आई मेरी हे दोघे स्कॉटलंडचे. लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने ते चीनमध्ये सेवा करीत होते. एरिक सहा वर्षांचा असताना त्याला व त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट याला लंडनजवळ मिशनरींच्या मुलांसाठी असलेल्या वसतिशाळेत ठेवण्यात आले आणि आईवडील आपल्या कामावर परत गेले. पुढील अनेक वर्षे या मुलांना आईवडिलांची भेट केवळ त्यांच्या रजेच्या काळातच होई. आपल्या माणसांपासून दूर राहणे म्हणजे काय, हे एरिकला अगदी कोवळ्या वयात कळले. छावणीतील आईबापांविना राहिलेल्या मुलांकडे ते पुढे ज्या मायेने पाहत, तिचे मूळ इथे असावे असे वाटते.

शाळेत एरिक लाजाळू व अबोल होता. मैदानावर मात्र त्याला गाठणे कठीण. १९२० साली एडिंबरो विद्यापीठात विज्ञान शिकण्यास गेल्यावर त्यांचे नाव स्कॉटलंडभर झाले. १९२२ व १९२३ या वर्षांत ते स्कॉटलंडच्या रग्बी संघातून सात आंतरराष्ट्रीय सामने खेळले. १९२३ च्या जुलै महिन्यात लंडन येथे त्यांनी १०० यार्डांची शर्यत ९.७ सेकंदांत जिंकली. हा ब्रिटिश विक्रम पुढे कित्येक वर्षे कोणाला मोडता आला नाही. त्याच महिन्यात स्टोक येथील ४४० यार्डांच्या शर्यतीत आरंभीच धक्का लागून ते मार्गाबाहेर पडले. बाकीचे धावपटू सुमारे वीस यार्ड पुढे निघून गेले होते. तरी ते उठले, धावले, आणि शर्यत जिंकून अंतिम रेषेपाशी कोसळले.

त्यांची आणखी एक सवय पाहणारांच्या लक्षात राहिली. शर्यत सुरू होण्यापूर्वी ते आपल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यापाशी जात व त्याच्याशी हस्तांदोलन करीत. क्षणाक्षणाचा हिशेब ठेवणारा धावपटू ऐन शर्यतीच्या तोंडावर दुसऱ्यांसाठी वेळ काढतो, ही गोष्ट लहान दिसली तरी तिच्यात पुढच्या आयुष्याचे बीज आहे.

आर्माडेलची सभा

१९२३ च्या एप्रिल महिन्यापर्यंत लिडेल यांनी जाहीर सभेत कधी तोंड उघडले नव्हते. त्या सुमारास डी. पी. थॉमसन हे तरुण सुवार्तिक आर्माडेल या खाणकामगारांच्या गावी सभा घेत होते. पुरुष मंडळी सभेकडे फिरकत नव्हती. एखादा नावाजलेला खेळाडू आला तर ती येतील, असे वाटून थॉमसन एडिंबरोला गेले व त्यांनी लिडेल यांना विचारले. लिडेल यांनी क्षणभर मान खाली घातली आणि होकार दिला. मनात भीती होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी चीनहून बहीण जेनीचे पत्र आले. तिने आपल्या पत्रात यशयाच्या एकेचाळिसाव्या अध्यायातील, भिऊ नको असे सांगणाऱ्या वचनाची आठवण दिली होती. भावाने काय कबूल केले आहे हे तिला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पत्र कित्येक आठवड्यांपूर्वी निघाले होते. लिडेल यांना त्यात देवाचा हात दिसला.

६ एप्रिल १९२३ रोजी त्या सभेत ते उभे राहिले. भाषण असे काही नव्हतेच; ख्रिस्त आपल्याला कोण आहे एवढेच त्यांनी शांत आवाजात, मित्राशी बोलावे तसे सांगितले. तेव्हापासून खेळ व साक्ष या दोन गोष्टी त्यांच्या जीवनात वेगळ्या राहिल्या नाहीत. आज मोठमोठ्या क्रीडास्पर्धांच्या ठिकाणी खेळाडूंच्या आत्मिक काळजीसाठी चॅपलेन असतात. लिडेल यांना अशी पदवी कोणी दिली नाही. काम मात्र त्यांनी मरेपर्यंत तेच केले.

पॅरिसचा रविवार

१९८१ साली निघालेल्या ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ या चित्रपटामुळे पॅरिसची हकिकत घराघरांत पोहोचली. परंतु चित्रपटात दोन गोष्टी वस्तुस्थितीहून निराळ्या आहेत, त्या आपल्या शिक्षकांनी लक्षात ठेवाव्या. बहीण जेनी त्यांच्या धावण्याच्या विरुद्ध होती असे चित्रपटात दाखवले आहे, तसे काही नव्हते. तसेच १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी आहेत हे त्यांना बोटीवर चढताना कळले नाही. ते कित्येक महिने आधीच ठाऊक होते. म्हणजे त्यांचा नकार हा क्षणाचा आवेश नव्हता. तो दिवसेंदिवस सोसलेला निर्णय होता. काही लोकांनी त्यांना देशाचा अभिमान नाही असेही म्हटले. त्यांनी कोणाशी वाद घातला नाही, आणि रविवारी धावणाऱ्या दुसऱ्या खेळाडूंना नावेही ठेवली नाहीत. उरलेले महिने त्यांनी २०० व ४०० मीटरच्या तयारीत घालवले.

६ जुलै १९२४ हा तो रविवार. त्या दिवशी लिडेल धावले नाहीत. १०० मीटरचे सुवर्णपदक त्यांच्याच संघातील हॅरोल्ड अब्राहम्स यांना मिळाले. पुढे लिडेल यांनी २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, आणि ११ जुलै रोजी ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत ते सर्वांत बाहेरच्या पट्ट्यातून धावले. बाहेरच्या पट्ट्यातील धावपटूला मागचे कोणी दिसत नाही. कोणाच्या वेगाचा अंदाज घेता येत नाही. मान मागे टाकून, तोंड उघडे ठेवून, आपल्या त्या विचित्र ढंगात ते आरंभापासूनच जीव तोडून धावले व ४७.६ सेकंदांत नव्या विक्रमासह जिंकले. संघाच्या रिले शर्यतींतूनही त्यांनी रविवारच्याच कारणासाठी अंग काढून घेतले होते. तेथे आणखी पदके मिळण्याची शक्यता होती.

पुन्हा चीनकडे

१७ जुलै रोजी एडिंबरो विद्यापीठात पदवीदान झाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांना खांद्यांवर घेऊन मिरवले. बाविसाव्या वर्षी एवढा मान मिळालेल्या तरुणाला पुढे काय करावे हे सांगणारे पुष्कळ असतात. लिडेल यांचे ठरलेले होते. एक वर्ष त्यांनी ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला, थॉमसन यांच्याबरोबर गावोगाव तरुणांच्या सभा घेतल्या, आणि १९२५ साली ते सैबेरियामार्गे तिएनत्सिनला गेले.

तेथील अँग्लो-चायनीज कॉलेजात ते विज्ञान शिकवीत व खेळ घेत. युनियन चर्चच्या संडे स्कूलचे ते सुपरिंटेंडेंट झाले. ऑलिंपिकचा विजेता दर रविवारी वीस-पंचवीस मुलांपुढे उभा राहतो, त्यांची नावे लक्षात ठेवतो, घरची चौकशी करतो, हे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. आपल्याकडे संडे स्कूल म्हणजे ज्याला दुसरे काही काम दिले नाही त्याला द्यायचे काम, अशी समजूत अनेक ठिकाणी आहे. लिडेल यांनी त्या कामाला आपला उत्तम वेळ दिला.

१९३२ साली रजेवर असताना त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. २७ मार्च १९३४ रोजी फ्लॉरेन्स मॅकेन्झी या कॅनेडियन मिशनरी दांपत्याच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. पॅट्रिशिया व हेदर या दोन मुली झाल्या. घर सुखाचे होते.

आणि याच वेळी मिशनने त्यांना शिआओचांग येथील खेड्यापाड्यांचे काम करण्यास सांगितले. तेथे त्यांचे बंधू रॉबर्ट डॉक्टर होते. चीन व जपान यांचे युद्ध त्या मुलुखात पेटले होते, म्हणून पत्नी व मुलींना बरोबर नेता येत नव्हते. लिडेल यांनी पुष्कळ विचार करून १९३७ च्या अखेरीस ती जबाबदारी घेतली. पायी आणि सायकलवर ते गावोगाव फिरत. १९३९ च्या हिवाळ्यात एक जखमी मनुष्य एका देवळात कित्येक दिवस पडून आहे असे त्यांना कळले. जपानी सैन्याच्या भीतीने त्याला कोणी हलवीत नव्हते. एक गाडीवान, लिडेल बरोबर येत असतील तर, तयार झाला. वाटेत मानेवर तलवारीचा घाव बसलेला दुसरा एक मनुष्य आढळला; त्यालाही त्यांनी त्याच गाडीत घेतले व दोघांना इस्पितळात आणले. पहिला वाचला नाही. दुसरा वाचला, तो चित्रकार होता आणि त्याने काढलेले फुलांचे चित्र लिडेल यांना भेट मिळाले. ठरलेला कार्यक्रम बाजूला ठेवून वाटेवरच्या माणसासाठी थांबणे, ही चांगल्या शोमरोन्याची रीत त्यांच्या अंगी पुरती मुरली होती.

निरोप

१९४१ च्या मे महिन्यात युद्धाचे ढग दाटून आल्यामुळे लिडेल यांनी फ्लॉरेन्स व दोन्ही मुलींना कॅनडाला पाठवले. फ्लॉरेन्स तेव्हा गरोदर होत्या. सप्टेंबरात तिसरी मुलगी मॉरीन जन्मली. तिला वडिलांनी कधी पाहिले नाही. थोड्याच दिवसांत आपण त्यांच्यामागे जाऊ, अशी आशा दोघांनाही होती. परंतु डिसेंबर १९४१ मध्ये जपानने अमेरिका व ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले आणि परतीची वाट बंद झाली. त्यानंतर मोजक्या शब्दांची रेडक्रॉसची पत्रे, तीही महिनोन्‌महिने उशिरा, एवढाच काय तो संबंध उरला.

येथे थांबून एक गोष्ट प्रांजळपणे बोलली पाहिजे. दुसऱ्यांच्या मुलांना वेळ देणाऱ्या या माणसाला आपल्या मुलींसाठी फार थोडा वेळ मिळाला. त्याची किंमत फ्लॉरेन्स यांनी व त्या तीन मुलींनी भरली. चरित्रे लिहिताना ही बाजू झाकण्याची आपल्याला सवय असते. लिडेल यांना स्वतःला मात्र ती जाणवत होती. पत्नी व मुलींची छायाचित्रे छावणीत त्यांच्याजवळ असत आणि ती ते इतरांना मोठ्या कौतुकाने दाखवीत.

वेईशिएनची छावणी

मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी उत्तर चीनमधील परदेशी लोकांना शांटुंग प्रांतातील वेईशिएन येथे एका जुन्या मिशनच्या आवारात कोंडले. सुमारे २०० यार्ड लांब व १५० यार्ड रुंद अशा त्या जागेत दीड हजारांहून अधिक माणसे होती. व्यापारी, मिशनरी, वादक, दारुडे, म्हातारे, तान्ही मुले, सर्व एकत्र. पाण्याला रांग, जेवणाला रांग, शौचकूपालाही रांग. त्याच वर्षी चेफू येथील मिशनरी शाळेची मुले आपल्या शिक्षकांसह तेथे आणली गेली. त्यांपैकी अनेकांचे आईवडील शेकडो मैल दूर होते.

लिडेल या मुलांना गणित व विज्ञान शिकवीत. पुस्तके नव्हती, म्हणून आकृत्या हाताने काढून देत. म्हाताऱ्यांचे पाणी भरीत, कोळसा वाहून नेत. संध्याकाळी काम नसल्यामुळे तरुण मुलेमुली भटकू लागली व वडीलधारी माणसे नुसती तक्रार करू लागली, तेव्हा लिडेल व इतर काही जणांनी त्यांच्यासाठी एक खोली उघडली. तेथे बुद्धिबळ, लहान जहाजे बनवणे, नाच असे कार्यक्रम चालत. छावणीतील एक अमेरिकन तरुण लँग्डन गिल्की पुढे ईश्वरविज्ञानाचे प्राध्यापक झाले. १९६६ साली त्यांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले व त्यात मिशनऱ्यांवर चांगलीच टीका केली. परंतु दिवसभर राबूनही या मुलांच्या खेळात मनापासून रमलेल्या लिडेल यांच्याविषयी त्यांनी लिहिले ते असे की, संत म्हणावा असा माणूस फार क्वचित भेटतो, आणि आपल्याला तो भेटला. मुले त्यांना अंकल एरिक म्हणत.

एवढा वेळ त्यांच्याजवळ कोठून येई? याचे उत्तर पहाटेच्या अंधारात आहे. खोलीतील इतर माणसे झोपेत असताना ते उठत, शेंगदाण्याच्या तेलाचा लहानसा दिवा लावीत व आपल्या खोलीतील एका सोबत्यासह शास्त्र वाचून प्रार्थना करीत. दिवसाचा पहिला भाग देवाला दिल्यावर उरलेला दिवस माणसांना देण्यास ते मोकळे होत. हॉकीच्या मोडक्या काठ्या दुरुस्त करण्यासाठी त्यांनी घरच्या चादरी फाडून पट्ट्या केल्या. फ्लॉरेन्स यांनी जपलेल्या चादरी होत्या त्या.

छावणीतला रविवार

छावणीत लिडेल यांनी रविवारी खेळ घ्यायचे नाहीत असे ठेवले होते. काही तरुणांना ते पटले नाही. त्यांनी आपल्या आपण रविवारी हॉकीचा सामना मांडला. पंच कोणी नव्हता. सामन्याचा शेवट मारामारीत झाला.

आता लिडेल काय करणार, याकडे अनेकांचे लक्ष असावे. माझे ऐकले असते तर, असे म्हणण्याची ती सोयीची वेळ होती. ते तसे काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी ते स्वतः मैदानात आले आणि पंच म्हणून उभे राहिले.

ऑलिंपिकचे पदक ज्या दिवसासाठी सोडले, तोच दिवस त्यांनी कोंडलेल्या, चिडलेल्या मुलांना देऊन टाकला. यात विरोध आहे काय? नीट पाहिले तर दोन्ही रविवारी एकच गोष्ट घडली. पॅरिसच्या रविवारी त्यांनी स्वतःचा लाभ सोडला. वेईशिएनच्या रविवारी त्यांनी स्वतःची विश्रांती व नियम पाळल्याचे समाधानही सोडले. दोन्ही वेळा तो दिवस त्यांनी स्वतःसाठी वापरला नाही. शब्बाथ कोणासाठी केला आहे, याविषयी प्रभूने परूश्यांना दिलेले उत्तर मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. लिडेल यांनी ते उत्तर शिट्टी वाजवून दिले असे म्हणता येईल.

याच छावणीत ते मुलांना डोंगरावरील प्रवचन शिकवीत आणि पहारेकरी जपान्यांसाठी प्रार्थना करण्यास सांगत. स्टीफन मेटकाफ या मुलाला ते फार जड गेले, पण तो प्रार्थना करू लागला. त्याचे जोडे फाटलेले पाहून लिडेल यांनी ऐन हिवाळ्यात आपले धावण्याचे जुने जोडे दुरुस्त करून त्याला दिले. युद्ध संपल्यावर तो मुलगा मिशनरी होऊन गेला तो जपानला.

शर्यतीचा शेवट

१९४५ च्या आरंभी लिडेल यांचे डोके सारखे दुखू लागले. हसरा माणूस उदास दिसू लागला. अतिश्रमाने मन थकले असावे, असा इस्पितळातील मंडळींचा समज झाला. त्यांनी स्वतःही तसेच धरले, आणि आपले ओझे आपल्याला प्रभूवर टाकता आले नाही, आपण खचलो, याची त्यांना खंत वाटे. ती खंत वृथा होती. मृत्यूनंतर शवचिकित्सेत मेंदूत मोठी गाठ सापडली. ज्या भक्तिमान माणसांना आजारामुळे निराशा घेरते, त्यांना विश्वासात कमी समजण्यापूर्वी आपण हे आठवावे.

शेवटच्या दिवसांत, त्यांच्या इच्छेवरून, मुक्तिफौजेच्या बँडने इस्पितळाच्या खिडकीबाहेर त्यांचे आवडते गीत वाजवले. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांनी फ्लॉरेन्स यांना लहानसे पत्र लिहिले व त्याच रात्री त्यांचा अंत झाला. वय ४३. प्रेतयात्रेच्या वेळी चेफू शाळेची मुले मार्गाच्या दुतर्फा उभी होती. फ्लॉरेन्स यांना बातमी कळली ती मे महिन्यात. १७ ऑगस्टला अमेरिकन सैनिक छत्र्यांनी उतरले व छावणी मुक्त झाली. १९९१ साली एडिंबरो विद्यापीठाने त्या ठिकाणी स्कॉटलंडच्या मल बेटावरील दगडाचे स्मारक उभारले.

आपल्यासाठी

आपल्या मंडळ्यांतही रविवारी सकाळी बाक रिकामे असतात आणि तरुण मुले क्रिकेटच्या मैदानावर असतात. त्यांना लिडेल यांच्या पहिल्या रविवारची गोष्ट आपण अवश्य सांगावी. ती जुनी होणारी नाही. पण सांगण्यापूर्वी आपण स्वतःला विचारावे की, सोमवार ते शनिवार यांतील एक तरी संध्याकाळ आपण त्या मुलांसाठी काढली आहे काय? त्यांच्या संघातल्या मुलांची नावे आपल्याला येतात काय? सामना हरून आलेला मुलगा आपल्या दारी येईल, असे आपले दार आहे काय?

आणि वडीलधाऱ्यांनी, पाळकांनी, शिक्षकांनी आणखी एक विचारावे. मंडळीच्या सभा, कमिट्या, वर्ग यांतून घरच्या मुलांसाठी काय उरते? लिडेल यांचा वियोग युद्धाने लादला होता. आपल्यावर तसे काही लादलेले नाही.

संडे स्कूलच्या शिक्षकांनी पुढच्या वेळी ही गोष्ट सांगताना दोन्ही रविवार सांगावे. मुले प्रश्न विचारतील. विचारू द्यावे, आणि घाई न करता त्यांच्याबरोबर बसावे.